पहिली मांड: मुलांसाठी अश्वारोहणाची पागा निवडताना

माथेरानच्या लाल मातीत किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी घोड्यावर बसून काढलेले एखादे छायाचित्र पुष्कळ मराठी घरांत सापडते. दहा मिनिटांची ती फेरी संपते. पण मुलाच्या मनातला घोडा काही थांबत नाही. घरी परतल्यावर 'मला घोडा चालवायला शिकायचंय' असा हट्ट सुरू होतो आणि सुट्टी तोंडावर आली की पालक चौकशीला लागतात. शिकवणी कुठे आहे, किती पैसे पडतात, घरापासून किती लांब, हे प्रश्न लगेच विचारले जातात. ज्या प्राण्याच्या पाठीवर आपले मूल बसणार आहे त्याला ठेवले कसे आहे, शिकवणारा कोण आहे आणि पहिल्या दिवशी नेमके काय होणार आहे, हे प्रश्न मात्र बहुधा मागे राहतात. पडझड झाल्यावर ते विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे!

पोहणे किंवा सायकल शिकणे आणि घोड्यावर बसायला शिकणे यांत एक मूलभूत फरक आहे. येथे साधन जिवंत आहे. त्याला स्वतःचे मन आहे, भीती आहे, भूक आहे आणि थकवाही आहे. म्हणूनच पागा निवडण्याची सर्वांत सोपी कसोटी अशी सांगता येईल: जेथे मुलाला घोड्यावर चढवण्याची घाई केली जात नाही, ती पागा चांगली. बाकीच्या सर्व गोष्टी या एका गोष्टीतून उलगडत जातात.

नाशिकचे घोड्याशी नाते

नाशिकला घोडा नवा नाही. नाशिक रोड स्थानकावर उतरून पंचवटीकडे निघणाऱ्या यात्रेकरूंसाठी टांगा हे एकेकाळी नेहमीचे वाहन होते. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये येथे सुरू केलेल्या भोसला सैनिकी शाळेत अश्वारोहण हा शिक्षणाचाच एक भाग राहिला. त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमीत भावी अधिकाऱ्यांना घोडेस्वारीचे धडे दिले जातात. देवळालीच्या लष्करी छावणीची ओळख तोफखान्याशी जोडलेली आहे आणि मोटारी येण्यापूर्वी तोफा ओढण्याचे काम घोड्यांकडेच होते. जिल्ह्यात येवल्याचा घोडेबाजार प्रसिद्ध आहे, तर उत्तर महाराष्ट्रात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत दूरदूरच्या प्रांतांतून घोडे विक्रीला येतात.

हा वारसा अभिमानाचा आहे. पण शहरात घोडा दिसतो म्हणून तो शिकवण्याच्या योग्यतेचा असतोच असे नाही. टांग्याचा, वरातीचा, शर्यतीचा आणि शिकवणीचा घोडा, या चार वेगवेगळ्या स्वभावांच्या आणि वेगवेगळ्या सवयींच्या गोष्टी आहेत. रात्री बँडच्या दणदणाटात नवरदेवाला मिरवून आणलेला घोडा सकाळी लहान मुलाच्या शिकवणीला उभा केला, तर तो थकलेला असतो आणि थकलेला घोडा चिडका होतो. 'हा घोडा शिकवणीखेरीज आणखी कोणते काम करतो?' हा प्रश्न म्हणूनच संकोच न करता विचारावा.

फेरी वेगळी, शिक्षण वेगळे

थंड हवेच्या ठिकाणी मूल घोड्यावर बसते तेव्हा लगाम घोडेवाल्याच्या हाती असतो. मूल त्या वेळी केवळ प्रवासी असते. त्यात गैर काही नाही. मात्र अशा फेऱ्या कितीही मारल्या तरी मुलाला 'मांड' येत नाही. मांड म्हणजे घोड्याच्या हालचालीबरोबर शरीराचा तोल राखून, लगामाला न लटकता, खोगिरावर स्थिर बसण्याची कला. जुन्या शिलेदारांच्या काळात पक्की मांड हीच स्वाराची खरी ओळख होती आणि आजच्या अश्वारोहणाचाही पाया तोच आहे.

२०२३ मध्ये हांगझोउ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक पटकावले. सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा यांचा हा संघ होता. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी, भारताला घोडेस्वारीत सोन्याचे पदक मिळाले. विशेष म्हणजे ड्रेसाज हा वेगाचा खेळ नाही. स्वाराच्या जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर घोडा किती शांतपणे, किती नेमका चालतो, याचे त्यात गुण असतात. धावण्याआधी थांबता येणे महत्त्वाचे, हे ज्यांना उमगले त्यांच्याकडेच मुलाला पाठवावे.

वय किती असावे?

शिकवणी सुरू करण्यासाठी साधारण सहा-सात वर्षांचे वय योग्य मानले जाते. त्याआधी मुलाच्या पायांत आणि पाठीत पुरेसे बळ नसते, शिवाय सूचना ऐकून तत्काळ तशी कृती करणेही कठीण जाते. चार-पाच वर्षांच्या मुलाला घोड्याची ओळख करून द्यावी, खरारा करू द्यावा, हाताने धरून चालवलेल्या घोड्यावर पाच-दहा मिनिटे बसू द्यावे, एवढे पुरे. या वयाच्या मुलालाही 'महिनाभरात घोडा दौडवायला शिकवू' असे आश्वासन कोणी देत असेल, तर तेथून परत फिरणे शहाणपणाचे.

वयाइतकाच मुलाचा स्वभावही विचारात घ्यावा. मुलाची इच्छा आहे की पालकांची हौस, हे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावे. मुलाला फिट येण्याचा त्रास, मणक्याचे दुखणे किंवा दमा असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. दमा असलेल्या मुलांना पागेतील धूळ, गवत आणि घोड्याचे केस यांचा त्रास होऊ शकतो.

पहिली भेट मुलाला न घेता

पागा पाहण्यासाठी पहिल्यांदा जाताना मुलाला बरोबर नेऊ नये. घोडा दिसताच मूल हरखून जाते आणि मग नकार देणे अवघड होते. भेटीची वेळही शिकवणीची नसावी. भल्या सकाळी, खरारा आणि चंदी-वैरण चालू असताना गेल्यास खरे चित्र दिसते.

सर्वांत आधी नाकाने परीक्षा होते. लिदीचा थोडाफार वास पागेत असणारच. पण डोळ्यांना झोंबणारा उग्र दर्प येत असेल, तर मूत्र साचून राहते आणि हवा खेळत नाही असे समजावे. घोड्याला वळता येईल, आडवे होता येईल एवढी जागा आणि पायाखाली कोरडे अंथरूण हवे. स्वच्छ पाणी सतत समोर हवे, कारण घोड्याला साधारणपणे दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये त्याहूनही अधिक. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. त्यामुळे त्याला थोडी थोडी वैरण दिवसभर मिळावी लागते. दोन वेळा भरपूर चंदी टाकून मधले सगळे तास उपाशी ठेवण्याची पद्धत पोटशूळाला निमंत्रण देते.

मग घोड्याकडे पाहावे. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. डोळे स्वच्छ आणि कातडी तुकतुकीत असावी. पाठीवर, तंगाच्या जागी आणि तोंडाच्या कोपऱ्यांत जखमा किंवा पांढऱ्या केसांचे जुने डाग आहेत का, ते पाहावे; न बसणाऱ्या खोगिराची आणि कठोर हाताची ती खूण असते. खूर फाटलेले नसावेत. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खुरांची निगा राखली जाते का, हे विचारावे. आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मुंबईच्या रस्त्यांवरील व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोड्यांच्या तबेल्यांचा प्रश्नही त्या खटल्यात पुढे आला होता. घोड्याची आबाळ करणारा माणूस मुलाची काळजी घेईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

घोड्याचे कानही बोलतात. माणूस जवळ गेल्यावर कान पुढे रोखले गेले तर कुतूहल आहे. मानेला चिकटून मागे पडले तर राग किंवा भीती आहे. पागेतले बहुतेक घोडे माणूस दिसताच कान पाडत असतील, तर तेथील वागणुकीची कल्पना येते.

मुलासाठी कोणता घोडा?

मुलासाठी तरुण आणि तडफदार घोडा नको. वयाने पोक्त, अनेक मुलांना शिकवून झालेला, गोंगाटाला न बिचकणारा घोडा हवा. उंचीही कमी असावी. घोड्याची उंची खांद्याजवळच्या उंचवट्यापर्यंत 'हात' या परिमाणात मोजतात. एक हात म्हणजे चार इंच. १४.२ हात, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या घोड्याला सर्वसाधारणपणे तट्टू म्हणता येईल. मुलांसाठी तट्टूच बरे. मराठी मुलखातला, धनगरांच्या कळपांबरोबर हिंडणारा भीमथडीचा घोडा आकाराने असाच आटोपशीर आहे. त्याला अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यताही मिळाली आहे.

एक साधा हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. तट्टू १४० सेंटिमीटर उंच असले आणि त्यावर सात वर्षांचे मूल बसले, तर मुलाचे डोके जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर, म्हणजे साडेसहा फुटांवर असते. या उंचीवरून पडताना डोके वाचवायचे, तर चांगल्या शिरस्त्राणाला पर्याय नाही.

साहित्य आणि मैदान

शिरस्त्राण घोडेस्वारीचेच हवे. सायकलचे किंवा क्रिकेटचे चालणार नाही, कारण प्रत्येकाची रचना वेगळ्या आघातासाठी केलेली असते. 'एएसटीएम एफ ११६३' किंवा 'पीएएस ०१५' यांसारख्या मानकाची खूण आतल्या बाजूस असते. हनुवटीखालचा पट्टा आवळल्यावर शिरस्त्राण हलता कामा नये. एकदा जोराचा मार बसलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. पागेतील शिरस्त्राणे मुलांच्या मापाची नसतील, तर स्वतःचे घेणे उत्तम. शिरस्त्राणाशिवाय मुलाला बसवायला तयार होणारी पागा तेथेच बाद करावी.

पायांत छोटी टाच असलेले बंद बूट असावेत. सपाट तळाचा बूट किंवा सँडल रिकिबीतून आरपार सरकते. मूल पडले आणि पाय अडकला, तर घोडा त्याला फरफटत नेऊ शकतो. घोडेस्वारीतील सर्वांत भयंकर अपघात हाच. रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंना बोटभर रुंद हवी. फार अरुंद रिकिबीत पाय अडकतो, फार रुंद रिकिबीतून तो आरपार जातो. पट्ट्याला भोके वाढवून मोठ्यांची रिकीब मुलाला देणे हा उपाय नव्हे. लगाम, तंग आणि रिकिबीचे पट्टे यांची शिवण उसवलेली नाही ना, चामड्याला तडे नाहीत ना, हे पालकाने स्वतः हाताने पाहावे.

काही ठिकाणी लहान मूल पडू नये म्हणून त्याला खोगिराला बांधतात, तर कधी मोठा माणूस मागे बसून घोडा दौडवतो. दोन्ही गोष्टी टाळाव्यात. घोडा घसरून पडला, तर बांधलेले मूल त्याच्याखाली सापडते. मागे माणूस बसला, तर मूल काहीच शिकत नाही आणि घोड्यावर दुहेरी ओझे मात्र पडते. घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाहून जास्त भार, तोही खोगिरासकट, त्याच्यावर नसावा असा संकेत आहे.

शिकवणीचे मैदान कुंपण असलेले, दगडगोट्यांपासून मोकळे आणि वाळूचे किंवा मऊ मातीचे असावे. पावसाळ्यात ते निसरडे होते का, तेव्हा शिकवणी बंद ठेवतात का, याची चौकशी करावी. मोकाट कुत्री, फटाके आणि वाहनांचे भोंगे यांपासून ते दूर असावे. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. जवळपास चहूबाजूंचे त्याला दिसते. पण कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. न दिसलेल्या गोष्टीला घाबरून तो उसळी मारतो. त्यात खोडी मुळीच नसते.

पहिल्या दिवशी काय व्हावे?

चांगल्या पागेत पहिला धडा जमिनीवर होतो. घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने जावे, जाताना बोलत जावे, मागून जाऊ नये, तळहात सपाट ठेवून खाऊ घालावे, दोर हाताला गुंडाळू नये, हे मुलाला आधी शिकवले जाते. मग खरारा, तंग आवळण्याची रीत आणि त्यानंतर खोगीर. घोड्यावर प्रत्यक्ष बसणे शेवटची पंधरा-वीस मिनिटेच असते. लहान मुलासाठी एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक शिकवणी नसावी.

सुरुवातीच्या दिवसांत शिक्षक घोड्याला लांब दोरावर गोल फिरवतो. लंजिंग म्हणतात ते हेच. घोड्याचा ताबा शिक्षकाकडे असल्यामुळे मुलाला लगामाची काळजी नसते आणि ते फक्त तोलाकडे लक्ष देऊ शकते. हात पसरणे, पाय सैल सोडणे, पुढे वाकून घोड्याच्या मानेला थोपटणे अशा व्यायामांतून मांड तयार होते. आधी संथ चाल, मग थांबणे आणि वळणे, त्यानंतर दुडकी. दुडकीत मूल न लटकता बसू लागले की मगच पुढची चाल. त्याला काही आठवडे लागतील किंवा काही महिने. पण घाईने दौडवलेले मूल एकदा पडले आणि घाबरले, की पुन्हा घोड्याजवळ जायला वर्षे लागतात.

शिक्षक पुष्कळदा लष्कर किंवा पोलीस दलातून निवृत्त झालेले असतात. त्यांचे ज्ञान पक्के असते. मात्र जवानांना शिकवणे वेगळे आणि सात वर्षांच्या मुलीला शिकवणे वेगळे. तेव्हा आधी एखादी शिकवणी कडेला उभे राहून पाहावी. शिक्षक ओरडतो की समजावतो? एका वेळी किती मुले घेतो? अगदी नवख्या मुलाबरोबर एक मोतद्दार सतत चालतो का? मूल रडू लागले तर त्याला उतरू दिले जाते, की 'रडतोस काय' म्हणून दटावले जाते? घोड्याने आज्ञा पाळली नाही तर चाबूक आधी उचलला जातो, की मुलाची चूक आधी पाहिली जाते? अर्ध्या तासात या सर्व प्रश्नांची उत्तरे डोळ्यांना दिसतात.

मोतद्दाराशीही दोन शब्द बोलावेत. घोड्याची खोड, त्याची दुखणी, त्याचा लहरीपणा मालकापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असतो.

आरोग्याच्या दोन गोष्टी

घोड्याच्या लिदीत आणि पागेच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लशीचा वर्धक डोस आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी 'टीडी' लस दिली जाते. ती दिली आहे का, हे मुलाच्या कार्डावर पाहावे. घोड्यांनाही धनुर्वाताची लस लागते; ती दिल्याची नोंद पागेत असावी.

दुसरी गोष्ट ग्लँडर्स या रोगाची. घोडा, गाढव आणि खेचर यांना होणारा हा जीवघेणा संसर्ग क्वचित माणसालाही होतो. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याची लागण आढळली होती. घोड्यांच्या रक्ताची तपासणी करून रोगाचे निदान केले जाते. नाकातून सतत स्राव येणारा किंवा अंगावर गाठी व व्रण असलेला घोडा दिसल्यास मुलाला दूर ठेवावे आणि पशुवैद्यकाला दाखवल्याचा पुरावा मागावा. शिकवणीनंतर साबणाने हात धुण्याची सोय पागेत आहे का, ही अगदी साधी गोष्टही बरेच काही सांगून जाते.

पैसे आणि कागद

सगळ्या महिन्याचे किंवा अभ्यासक्रमाचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी एक-दोन शिकवण्यांचे पैसे देऊन अनुभव घ्यावा. शुल्कात शिरस्त्राण, मोतद्दार आणि विमा यांचा समावेश आहे का, पावसामुळे बुडालेल्या शिकवणीचे काय, हे लेखी विचारावे. 'अपघात झाल्यास आम्ही जबाबदार नाही' अशा कागदावर बहुतेक ठिकाणी सही घेतात. सही करण्याआधी तो वाचावा आणि त्याच वेळी प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, जवळचे रुग्णालय कोणते आणि वाहन कोण नेईल, हेही विचारावे. याची उत्तरे तयार नसलेल्या ठिकाणी त्या कागदाचा उपयोग फक्त मालकाला असतो.

थोडक्यात, पालकांनी पाच प्रश्न मनाशी ठेवून पागेत जावे:

• घोडे निरोगी, शांत आणि पोटभर आहेत का?
• घोड्यांकडून दिवसाला किती तास आणि कोणते काम घेतले जाते?
• प्रत्येक मुलाला मापाचे शिरस्त्राण आणि रिकीब मिळते का?
• नवख्या मुलाबरोबर सतत एक माणूस असतो का?
• पहिला धडा जमिनीवर होतो की थेट पाठीवर?

यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत बोलके असते. 'बसवा हो, काही होत नाही' म्हणणारा आणि 'आधी त्याला घोड्याशी ओळख करू द्या' म्हणणारा, यांत निवड अवघड नाही. दुसऱ्या पागेत मूल कदाचित महिनाभर दुडकीही शिकणार नाही आणि नातेवाइकांना दाखवण्याजोगे छायाचित्रही मिळणार नाही. पण पाचशे किलोंच्या आसपास वजनाचा एक प्राणी आपल्या हलक्याशा इशाऱ्याने थांबतो, आणि तो थांबला की त्याच्या मानेवर हात फिरवून शाबासकी द्यायची असते, हे त्याला कळलेले असेल. तेवढे शिकलेल्या मुलाची मांड पुढे सहसा ढळत नाही.